कौसाबाईच्या हातचं

आमच्या वन्सं, म्हणजे माझ्या मालकांची थोरली बहीण कौसाबाई, कुणाच्याही घरी गेल्या की बसायच्या आधी त्या घरातल्या पाण्याच्या माठाला बोटाच्या पेरानं टकटक करायच्या. डोळे मिटून, मान एका अंगाला कलती करून. घरची माणसं ‘या, बसा’ म्हणत ताटकळायची आणि ह्या बाई माठाचं ऐकत उभ्या. मग डोळे उघडून निकाल द्यायच्या. ‘बरं हाय, वरीसभर जाईल.’ नाहीतर, ‘ह्याच्या पोटात दुखायलंय, दुसरं बघा.’ लोकांना त्याचं भारी कौतुक. लग्नाचं घर म्हणू नका, मयताचं घर म्हणू नका. अणदूरला खंडोबाच्या दर्शनाला गेलो, तर देवाच्या आधी तिथल्या धर्मशाळेतल्या रांजणाची विचारपूस झाली. फक्त मी थापटलेल्या मडक्याला टकटक केली की त्या काहीच बोलायच्या नाहीत. डोळे उघडायच्या, मडकं खाली ठेवायच्या आणि दुसरं उचलायच्या. वाईट आहे म्हणाल्या असत्या तर भांडता तरी आलं असतं.

खोटं कशाला बोलू, मला त्यांचा हेवा वाटायचा. आता त्या जाऊन इतकी वर्षं झाली, माझेही केस पिकले, तरी कुणी त्यांचं नाव काढलं की आत कुठंतरी टोचतंच. माणूस गेलं की सगळं विसरावं म्हणतात. मला नाही जमलं.

आमच्या कुंभाराच्या कामाची रीत आधी सांगायला हवी, त्याशिवाय माझं दुखणं कळायचं नाही. चाकावर बसतो तो पुरुष. बाईनं चाकाला हात लावायचा नाही, असा आमच्यात दंडक. पण चाकावरून जे उतरतं ते काही पुरतं मडकं नसतं. गळा तेवढा नीट, बाकी अंग जाडजूड आणि बूड उघडं. ते सावलीत जरा आवळलं की बाईपुढं येतं. बाईनं डावा हात आत घालायचा, त्या हातात गुळगुळीत दगड. उजव्या हातात लाकडी थापटणं. आतून दगडाचा आधार द्यायचा आणि बाहेरून थापटत जायचं. तसं पोट फुगत जातं, अंग पातळ होतं आणि बुडाचं भोक हळूहळू मिटतं. म्हणजे अर्धं मडकं नवऱ्याचं आणि अर्धं बायकोचं.

माझं माहेर तेरखेड्याकडचं. आईनं मला थापटायला शिकवून पाठवलं होतं. तुळजापूर तालुक्यातलं हे आमचं गाव अणदूरपासून चालत जाण्याच्या अंतरावर, ओढ्याच्या काठी. सासू-सासरे माझ्या लग्नाआधीच गेलेले. घरात आम्ही दोघंच. मालक घागर चाकावरून उतरवायचे आणि माझ्यापुढं ठेवायचे. बोलायचे काही नाहीत, स्वभावच तसा. पण मी थापटून दिलेलं हातात घेऊन चारी अंगांनी फिरवून बघायचे आणि नुसतं ‘हं’ म्हणायचे. त्या एका ‘हं’वर माझा दिवस जायचा. हसाल तुम्ही. पण नव्या नवरीला कुंभाराच्या घरात दुसरं काय मिळणार? गोडीनं दोन शब्द बोलायचे ते आम्ही मडक्यांवरूनच बोलत होतो.

मग वन्सं आल्या. त्यांना आळंदकडं दिलेलं, कानडी मुलखात. तिकडं पटकीच्या साथीत नवरा गेला, दिरांनी ठेवून घेतलं नाही, आणि एक दिवस एक गाठोडं घेऊन त्या गाडीतून आमच्या दारात उतरल्या. मालक चाकावरून तसेच उठले आणि चिखलाच्या हातांनी बहिणीच्या गळ्यात पडले. आई लवकर गेली, तेव्हा ह्या बहिणीनंच त्यांना वाढवलेलं. मीही डोळ्यांना पदर लावला, आणि तो दाखवायला नव्हता. वय काही फार नव्हतं त्यांचं, आणि कपाळ मोकळं. बघवत नव्हतं. थोडे दिवस त्या आतच बसून राहिल्या. मग एका सकाळी अंगणात आल्या आणि माझ्याशेजारी टेकल्या. मी घागर थापटत होते. जरा वेळ त्यांनी बघितलं.

‘‘आन इकडं,’’ म्हणाल्या.

मला वाटलं, बाईचं मन रमेल. दिलं. ते थापटणं परत माझ्या हातात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी मालकांनी चाकावरून घागर उतरवली आणि ती माझ्यावरून पुढं नेऊन बहिणीपुढं ठेवली. मी हात पुढं केलेला तसाच राहिला. तिसऱ्या दिवशीही तेच. मी मग ओढ्यावरून माती आणायला लागले, चाळायला लागले, लीद आणि राख मिसळून तुडवायला लागले. बाभळीची लाकडं फोडायची, शेणी वाळवायच्या, भाकरी करायच्या. ‘‘पारे, पाय उचल.’’ ‘‘पारे, ह्या मातीत खडा लागायलाय.’’ ‘‘पारे, झोपलीस का काय?’’ माझं नाव पार्वती. त्या घरात ते कुणी पुरतं घेतल्याचं मला आठवत नाही.

आणि मडक्याशी मात्र किती गोड बोलायच्या! थापटताना सारखं त्यांच्या तोंडात ‘निधान, निधान’. मला कानडी येत नव्हतं. मला वाटायचं, मलाच काहीतरी लावून बोलतायत. एकदा न राहवून मालकांना विचारलं. ते हसले. म्हणाले, ‘‘निधान म्हंजी हळू. मडक्याला सांगायली हाय ती.’’ घ्या! मडक्याला हळू, आणि मला पाय उचल. लिंगायत व्यापारी बाजाराला जाता-येता आमच्या अंगणात टेकायचे. त्यांच्याशी त्या कानडीत गप्पा मारायच्या, सगळे खदखदून हसायचे, मालकही त्यात. त्यांना थोडंफार कळायचं. मी तिथंच मातीत उभी, तोंडाकडं बघत.

पण हाताला नाव ठेवायला जागा नव्हती. ठेवलं असतं तर माझी जीभ झडली असती. त्यांच्या हाताखालचा रांजण इतका पातळ व्हायचा की उचलणाऱ्याचा अंदाज चुकायचा. जड असेल म्हणून माणूस जोर लावायचा आणि मागं कलंडायचा. पाणी असं गार, की उन्हाळ्यात वाटेवरची माणसं आमच्या दाराशी थांबायची. त्यावर पुन्हा तांबडी काव लावून, गोट्यानं घासून चकाकी आणायच्या आणि पांढऱ्या मातीनं गळ्याखाली घोड्यांची रांग काढायच्या. खंडोबाचे घोडे. एकाची मान वर, एकाची खाली, एक मागं वळून बघतोय. मी चोरून भिंतीवर तो मागं वळून बघणारा घोडा काढून बघायची. माझा बकरा व्हायचा.

पंचक्रोशीत ‘कौसाबाईच्या हातचा रांजण’ असंच म्हणायला लागले. मालकांचं नावच गेलं. मला वाटायचं, ह्या माणसाला काहीतरी वाटावं! मी एकदा म्हणाले, ‘‘चाकावर बसता तुम्ही आणि नाव होतंय दुसऱ्याचं.’’ तर म्हणतात कसे, ‘‘दुसऱ्याचं कसं? अक्काचंच हाय की.’’ माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. भांडायला निदान एक माणूस माझ्या बाजूला हवं होतं, ते पण नाही.

निजामाच्या राज्यातला कुणी मोठा अंमलदार तेव्हा नळदुर्गाला मुक्कामाला होता. त्यानं चपराशाकरवी आमच्याकडून सुरई नेली आणि पुढं स्वतःच घोड्यावरून आला. सगळा कुंभारवाडा उठून उभा. तो अंगणात रचलेल्या मडक्यांकडं बघत म्हणाला, ‘‘सुरई किसने बनाई?’’ आता बघा, ओढ्यातनं माती मी आणली, मी तुडवली, लाकडं मी फोडली, चाकावर ती मालकांनी ओढली. आणि मालक छाती फुगवून म्हणतात, ‘‘हमारे अक्का ने.’’ तो वन्संकडं वळला. ‘‘बडी बी, ऐसी चीज तो शहर में भी नै मिलती.’’ वन्संनी मान वर केली नाही. थापटता थापटताच म्हणाल्या, ‘‘सायबाला म्हनावं, नवी हाय तवर उन्हात ठिवू नका.’’ साहेब खूश! गावभर महिनाभर तेच. मला वाटत होतं, ह्यांचं मनगट एकदा तरी लचकावं. मोडू नये, पण लचकावं. चार दिवस.

आवा पेटवायच्या दिवशी तर माझी परीक्षाच असायची. आवा म्हणजे आमची भाजायची भट्टी. खाली लाकडं, वर शेणी, मोठी मडकी तळाला, लहान वर, मग कडबा, खापऱ्या आणि वरून चिखलाचा लेप. सकाळी वारं बघून पेटवायचा. त्याआधी दृष्ट काढायची. वन्सं मीठ-मोहऱ्या घेऊन आव्याभोवती फिरायच्या आणि मोठ्यानं म्हणायच्या, ‘‘आल्यागेल्याची, पापी-चांडाळाची, बाहेरच्याची आन् घरच्याची.’’ ‘घरच्याची’ म्हणताना जरा थांबायच्या. बघायच्या नाहीत माझ्याकडं, नुसत्या थांबायच्या. शेजारपाजारच्या बायका मात्र बघायच्या. मी पदर खोचून लाकडं पुढं सारायची.

माझी म्हणून एकच जागा उरली होती, लग्नाची मडकी. आमच्याकडं लग्नघरची माणसं वाजतगाजत कुंभाराच्या दारात येतात आणि रंगवलेली मडकी डोक्यावर घेऊन जातात. ती सवाशिणीच्याच हातची लागतात. विधवेनं ती थापटायची नाहीत की रंगवायची नाहीत. मग त्या दिवसांत थापटणं माझ्याकडं यायचं. वाजंत्री दारात वाजायची, बायका माझी ओटी भरायच्या, मी मडकी एकेक करून त्यांच्या हातात द्यायची. वन्सं मागच्या बाजूला माती तुडवत असायच्या. मला तेव्हा काय वाटायचं ते सरळ सांगते. बरं वाटायचं. लाज नाही वाटली. पण त्यातही त्या सुखानं बसू द्यायच्या नाहीत. मी थापटायला लागले की दाराच्या आडून आवाज यायचा, ‘‘निधान गं, निधान. बूड मिटंना का तुजं.’’

‘‘वन्सं, तुमी आत बसा. सवाशिणीचं काम हाय हे,’’ मी म्हणायची.

एकदा असं म्हटल्यावर त्या दाराआडून मागं सरल्या. मग हळू आवाजात म्हणाल्या, ‘‘व्हय गं बाई. तुजंच हाय ते.’’ त्या दिवशीची मडकी माझ्या हातून वेडीवाकडी झाली.

असं चाललं होतं, आणि एका आव्याला ते घडलं. आवा चांगला रसरसला होता. मालक वाऱ्याच्या बाजूला होते, मी लाकडं सारत होते, वन्सं आव्याकडं पाठ करून मिसरी घासत बसल्या होत्या. आतून धाडकन आवाज झाला. ओल राहिलेला मोठा रांजण तापला की असाच फुटतो आणि शेजारच्यांना घेऊन जातो. मी किंचाळून मागं सरले. मालक धावत आले. गल्लीतली कुत्री उठून पळाली. आणि वन्सं मिसरी घासतच होत्या. बोट तसंच तोंडात फिरत होतं. मालक समोर येऊन हातवारे करायला लागले तेव्हा त्या दचकून उठल्या.

‘‘काय झालं रं नागू?’’

मालकांच्या ते ध्यानात आलं नाही. त्यांचं सगळं लक्ष आव्यात. पण मी त्या बाईकडं रात्रंदिवस बघत आलेली. त्या काय खातात, कुणाशी हसतात, कुणाला काय म्हणतात, सगळं मला पाठ. मला तिथल्या तिथं कळलं. मग मागचंही सगळं आठवलं. हाक मारली तर ओ न देणं, व्यापाऱ्यांशी हल्ली कमी बोलणं, ‘काय म्हनलीस’ म्हणून उगाच खेकसणं. टकटक करून त्या डोळे मिटून उभ्या राहायच्या खऱ्या, पण आत काही पोचत नव्हतं. आव्यात घालायच्या आधी टकटक केली की ओलं मडकं बद्द बोलतं आणि वाळलेलं टणटणीत बोलतं, एवढाच त्यांचा सगळा आधार, आणि तोच गेला होता.

आवा उतरवला तर निम्मी मडकी गेलेली. शेजारच्या बायका जमल्या. एक म्हणाली, ‘‘घरचीच नजर लागली बया.’’ माझ्याकडं बघून. मी तोंड उघडलं असतं तर एका वाक्यात सगळं फिरलं असतं. अक्काला ऐकू येत नाही, आता थापटणं माझ्याकडं द्या. मागायचीसुद्धा गरज नव्हती.

मी बोलले नाही. का, ते विचारा. दया म्हणाल तर तसं काही नाही. मला मालकांचा स्वभाव ठाऊक होता. बहिणीला ऐकू येत नाही म्हटल्यावर हा माणूस विरघळलाच असता. अक्का इथं बस, अक्का तिथं बस, अक्काच्या तोंडात घास. थापटणं मला मिळालं असतं आणि नवरा उरलासुरला गेला असता. धडधाकट बाईशी मला टक्कर देता येत होती. बहिऱ्या झालेल्या, दुबळ्या झालेल्या बाईशी मी काय टक्कर देणार? म्हणून मूग गिळून बसले आणि नजर लावल्याचा आळ स्वतःवर घेतला.

पुढच्या आव्याची मडकी उन्हात वाळत होती. मालक जळण आणायला गेले होते. वन्सं एकेका मडक्याला टकटक करत होत्या आणि मी मुद्दाम समोर जाऊन बसले. एक रांजण आला. आवाज बद्द. त्यांनी डोळे मिटले होते. मग उघडले, आणि माझ्याकडं बघितलं. थेट तोंडाकडं. त्यांना कळलं होतं, की मला कळलंय. मी मान हलवली. नाही. त्यांनी तो रांजण बाजूला उन्हात सारला आणि दुसऱ्याला टकटक केली. पुन्हा माझ्याकडं बघितलं. मी मान डोलावली. तो आव्याकडं गेला.

तेव्हापासून हे असंच चाललं. एक शब्द नाही. मालक समोर असले तरी नाही. त्या टकटक करायच्या, डोळे मिटायचा देखावा करायच्या, मग हळूच माझं तोंड बघायच्या. मी भाकरी थापत असले तर तिथून मान हलवायची, लाकडं फोडत असले तर कुऱ्हाड थांबवून. आवे एकापाठोपाठ एक चांगले उतरायला लागले. लोक म्हणायचे, ‘‘कौसाबाईचा कान म्हंजे कान हाय!’’ माझ्या जिवाचा चडफडाट व्हायचा. कान माझा, नाव त्यांचं. आणि त्या बाईनं कधी ‘बरं झालं पारे’ असं अर्ध्या तोंडानंसुद्धा म्हणू नये!

त्यातच ती धामधुमीची वर्षं आली. सरकारी लेव्हीची माणसं घरोघर फिरून धान्य उचलायची, आणि पुढं रझाकारांची भीती. कुणी गाड्या जुंपून सोलापूरच्या हद्दीत जायला लागले. मागं राहिलेल्या कास्तकारांना ज्वारी लपवायची होती. धान्याची जमिनीतली पेवं कुठं आहेत ते सगळ्यांना माहीत असतं, म्हणून गोठ्यात, जनावरांच्या पायाखाली रांजण पुरायचे ठरले. गावातले कास्तकार मिळून आमच्याकडं आले. जाणते म्हणाले, ‘‘कौसाबाई, वल लागली तर लेकरं उपाशी मरतील. तुमच्याच हातचे पायजेत.’’ वन्संनी माझ्याकडं बघितलं, ते काय म्हणाले ते कळावं म्हणून. मी हातानं मोठ्या रांजणाचा आकार दाखवला आणि जमिनीकडं बोट केलं. त्या म्हणाल्या, ‘‘व्हईल.’’

त्या रांजणांवर घोडे नव्हते, काव नव्हती. पुरायचेच होते. पण तसे रांजण त्यांनी पुन्हा कधी केले नाहीत. एवढे मोठे, की थापटताना खांद्यापर्यंत हात आत जायचा. सगळ्यात मोठ्या रांजणावर त्यांचा फार जीव. वाळायला ठेवलेला दिवसातून दहादा हात फिरवून यायच्या. आवा रचायच्या दिवशी त्याला टकटक केली. आवाज बाकी सगळीकडून टणटणीत, बुडाशी मात्र जरासा दबका. मी मान हलवली. नाही. त्यांनी पुन्हा केली, जोरात. माझं पुन्हा नाही. त्यांचे डोळे असे लाल झाले! हाताला तो वाळलेला लागत होता आणि हात त्यांचा कधी चुकला नव्हता. पलीकडं मालक घाई करत होते, ‘‘अक्का, वारं फिरंल, आन की तो!’’ त्यांना ते ऐकू आलं नाही, मला आलं. मला वाटलं, आता ही बाई माझं ऐकत नाही, टाकते आव्यात. फुटला तर शेजारचे सगळे जातील. आणि कुठंतरी आत असंही वाटलं, टाक. टाक एकदा. कळू दे सगळ्यांना. मी मान हलवत राहिले आणि आतून टाक म्हणत राहिले, दोन्ही एकाच वेळी.

त्यांनी बराच वेळ माझ्या तोंडाकडं बघितलं. मग त्या रांजणाला कवेत घेऊन परत उन्हात ठेवून आल्या. तो पुढच्या आव्यात भाजला.

निजाम गेला, मुलूख मोकळा झाला, तेव्हा लोकांनी गोठे उकरले. ज्वारी करकरीत निघाली. बायका सुपं भरून भरून आमच्या दारात आल्या. वन्संच्या पाया पडल्या, वन्संच्या अंगावर नवं घोंगडं घातलं. मी घरात बसून राहिले. मालक म्हणाले, ‘‘बाहीर ये की, अक्काचा मान करायलेत.’’ मी म्हणाले, चूल पेटलीय. चूल पेटली नव्हती.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात वन्संना ताप आला तो उतरलाच नाही. ओसरीवर त्यांचं अंथरूण घातलं, चाक दिसेल असं. शेवटी शेवटी त्या मोठ्यानं बोलायला लागल्या. स्वतःचा आवाज स्वतःला येत नसला की माणूस तसं बोलतं. एका दुपारी मालक पायाशी बसले होते, मी वारा घालत होते. त्या एकदम म्हणाल्या, ‘‘नागू, थापटनं पारीला दे. आन् आवा तिच्या बिगर लावू नगंस. मला कवापासनं काय बी ऐकू येत न्हाय. हिच्या तोंडाकडं बघून आवा लावायले म्या. एक बी फुटला का तवापासनं?’’

माझा हात थांबला. इतकी वर्षं ज्याची वाट बघितली ते त्या बाईनं एका दमात मालकांदेखत माझ्या पदरात टाकलं होतं. मी मालकांकडं बघितलं. वाटलं, आता तरी हा माणूस माझ्याकडं वळेल. मालक उठले, बहिणीचं डोकं मांडीवर घेतलं आणि हंबरडा फोडला. ‘‘अक्का! तुला ऐकू येत न्हाय? अक्का, मला सांगितलं न्हाईस की गं!’’ माझ्याकडं त्यांनी बघितलंसुद्धा नाही. वन्संनी मला विचारलं, ‘‘काय म्हनायलाय गं?’’ मी हातानं खूण केली, काही नाही, झोपा. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या गेल्या.

सुतक फिटल्यावर मालक चाकावर बसले. पहिली घागर उतरवून माझ्यापुढं ठेवली. जे मागत होते ते सगळं मिळालं. लोक पुढं कितीतरी वर्षं ‘कौसाबाईच्या हातचा’ म्हणून रांजण मागायला यायचे आणि माझा घेऊन जायचे. त्यांना फरक कळला नाही, मी सांगितला नाही. आधी मला ह्याचा राग यायचा, मग तोही येईनासा झाला. मालक चांगला माणूस, पण त्यांनी आयुष्यभर चाकाकडंच बघितलं. थापटता थापटता मी मान वर करायची आणि मग ध्यानात यायचं, की त्या घरात माझ्या तोंडाकडं निरखून बघणारं माणूस एकच होतं, आणि ते आपण स्मशानात पोचवून आलो. रोज, प्रत्येक मडक्याला, ती बाई माझं तोंड वाचत होती. मग बाकीचंही तिला दिसत असणारच. माझा जळफळाट, तिच्या मनगटावरची माझी नजर, ते ‘टाक एकदा’, सगळं. आणि हे सगळं दिसत असताना तिनं दर वेळी माझं नाही ते नाही मानलं आणि होय ते होय मानलं.